बदलीवर आलेली गोळी

तुमची तेरवी परवा झाली. काल उरलेसुरले पाहुणे गेले. आज सकाळी आठ वाजता मी एका हातात पाण्याचा पेला आणि दुसऱ्या हातात तुमची गोळी घेऊन आतल्या खोलीत उभी होते. पलंगावर कुणी नव्हतं. आठची गोळी आठलाच, असं तुम्हाला वर्षानुवर्षं बजावलं, पण सवय लागली ती मलाच. मग ते पाणी मीच प्यायले आणि गोळी डब्यात परत ठेवली.

शेजारच्या कांताबाई म्हणतात, "सुमनताई, रडून घ्या, मोकळं वाटते." मला रडू येत नाही, राग येतो. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे आणि तुम्ही मधूनच उठून गेलात. भांडणातून उठून जायचा मान एरवी माझा असायचा. दूध उतू जातंय, कुकरची शिट्टी झाली, असं काहीबाही सांगून मी उठायचे. या वेळी तुम्ही डाव साधलात.

म्हणून हे लिहायला बसले. तुमचा जन्म, शिक्षण, गोतावळा यातलं मी काही लिहिणार नाही. ते सगळं तुमच्या पुतण्यानं पेपरात छापून आणलं, आणि त्यात तुमचं नाव तेवढं बरोबर आहे. मला तुमच्याशी त्या दुसऱ्या गोळीबद्दल बोलायचं आहे.

तुमचा आजार आपल्या दोघांच्याही आधी कापसाला कळला होता. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये तुम्ही कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर होतात. गाडीतला मूठभर कापूस घ्यायचा, सरकी काढायची, पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, एकावर एक ठेवून पुन्हा ओढायचा, आखूड तंतू गळून जाईपर्यंत. उरलेले तंतू काळ्या कापडावर सरळ अंथरायचे आणि पट्टी लावायची. पट्टी तुम्ही नुसती समोरच्याच्या समाधानासाठी लावायचात, लांबी तुमच्या बोटांना आधीच कळलेली असायची. एका वर्षी दिवाळीनंतर तुम्ही घरी येऊन चिडचिड करायला लागलात. "यंदाचा कापूसच नाठाळ आहे. कापडावर ठरूनच नाई राह्यला." मी तेव्हा सरकारी दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीमागे बसत होते. कितीतरी थरथरते हात रोज त्या खिडकीतून आत येत, आणि घरातला हात मला दिसला नाही. एका सकाळी तुम्हाला शर्टाचं बटण लावताना पाहिलं तेव्हा कळलं की कापूस बिचारा ठरत होता, बोटं ठरत नव्हती.

कंपवात. तुमचं काम सुटलं, पुढे हिंगणघाट सुटलं. मी निवृत्त झाल्यावर आपण वर्ध्याजवळ पिपरी मेघेत हे दोन खोल्यांचं घर घेतलं, दवाखाना जवळ पडतो म्हणून. मूल नव्हतंच. "आपण दोघं अन् तुह्या पुड्या," असं तुम्ही म्हणायचात. पहिली गोळी काही वर्षं नीट चालली. मग दोन डोसांच्या मध्येच ती दम सोडायला लागली. तुम्ही दारात पोचायचात आणि पाय उंबऱ्याशी चिकटून बसायचे. तेव्हा डॉक्टरबाईंनी ही दुसरी गोळी जोडून दिली, अगदी थोड्या डोसवर, हळूहळू वाढवायची.

"आता ही काऊन?" तुम्ही विचारलंत. "पहिलीचं काय बिघडलं?"

दुपार होती. आपण तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, म्हणजे माझ्या दहा शेंगांना तुमची एक. मी सांगितलं की मेंदूच्या बुडाशी काही पेशी असतात, त्या डोपामिन नावाचं रसायन बनवतात. ते पुढच्या पेशींवर ठरलेल्या जागी जाऊन बसतं. त्या जागांना रिसेप्टर म्हणतात. ते तिथं बसलं की हात हलव, पाय उचल, हे सगळं सुरळीत चालतं. तुमच्या त्या बनवणाऱ्या पेशी मरत चालल्या आहेत. पहिली गोळी म्हणजे कच्चा माल, उरलेल्या पेशी तिचं डोपामिन करतात. पण करणारेच कमी झाले तर नुसता माल पाठवून किती भागणार? ही नवी गोळी त्या पेशींना विचारायलाच जात नाही. ती सरळ रिसेप्टरवर जाऊन बसते. रिसेप्टरला वाटतं, डोपामिनच आलं.

तुम्ही शेंग हातात धरून थांबलात आणि हसलात. "म्हणजे बदलीवाला!"

मला कळेना. मग तुम्हीच मला शिकवलंत. ग्रेडर होण्याआधी, तरुणपणी, तुम्ही गिरणीत बदली कामगार होतात. सकाळी फाटकापाशी जाऊन उभं राहायचं. कायमचा कामगार आला नाही की त्याच्या जागेवर बदलीवाला आत. "मागाले काय माहीत, समोर माणूस कोणता उभा आहे? हात पडला का माग सुरू."

"अगदी तसंच," मी म्हटलं.

"मंग हे तुह्या डॉक्टरबाईले सांगजो. पोरं शिकवाले कामी येईन."

सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. माझे त्या दिवशी लोहारानं टोचले, आणि चांगले टोचले. चौतीस वर्षं मी औषधं दिली, पण इतकं सोपं करून मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग मी तुम्हाला पुढची गोष्टही सांगितली. डोपामिन नुसत्या हालचालीसाठी नसतं. मजा वाटणं, ओढ लागणं, अजून एकदा करावंसं वाटणं, हेही त्याच्याच कामात येतं, आणि त्या कामाच्या जागांवर ही गोळी जरा जास्तच घट्ट बसते. अंगातलं डोपामिन येतं, काम करतं, उचललं जातं. गोळी तासन्‌तास ठाण मांडते. म्हणून एखाद्याला जुगाराचा नाद लागतो, कुणाला खरेदीचा, कुणी खातच सुटतो. असं काही दिसलं तर लपवायचं नाही, लगेच डॉक्टरांना सांगायचं.

"म्हणजे बदलीवाला आपल्या मागावर थांबत नाई," तुम्ही म्हणालात, "दुसऱ्या खात्यातल्या मशिनीई चालू करून येते."

तीन महिन्यांत तुम्ही शर्टाची सगळी बटणं स्वतः लावलीत. मी नेहमीसारखी पुढे आले होते, माझे हात तसेच हवेत राहिले. तुम्ही ऑटोनं एकटे वर्ध्याला गेलात आणि वांगी, संत्री आणि वर माझ्यासाठी गजरा घेऊन आलात. साठी उलटलेल्या बाईला गजरा! मी म्हटलं, गोळीचा गुण दिसतोय. तुम्ही म्हणालात, "गोळीनं सांगतलं, पण पैसे मीच देल्ले."

मी मात्र जुगारावर डोळा ठेवून होते. घरातले पत्ते लपवले. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर दुपारी कोण कोण बसतं, ते कांताबाईंकडून काढून घेतलं. मी असा पुढच्या दाराला पहारा दिला आणि तुम्ही मागच्या दारानं गेलात. तुम्ही एक उशी उसवलीत.

ती उसवलेली उशी पाहून मला आनंद झाला होता, हे आधी कबूल करते. तुम्ही जमिनीवर काळं कापड पसरून बसला होतात. तेच जिनिंगमधलं. चिमटीत पुंजका होता, बोटं चालत होती. कितीतरी वर्षांनी मी ती बोटं तशी चालताना पाहिली. मी कांताबाईंना हाक मारून दाखवायला आणलं. "पाहा, आमच्या घरचा ग्रेडर परत आला." दुसऱ्या आळीतल्या बायकाही आल्या, स्वतःच्या उश्या घेऊन आल्या, आमचीही पाहा हो भाऊजी म्हणून. तुम्ही प्रत्येकीला तिच्या उशीतली भेसळ सांगितलीत आणि त्या तोंडाला पदर लावून हसल्या. इतकी वर्षं औषधांत काढलेली बाई मी. नवा नाद दिसला तर ओळखायचा, एवढं मला ठाऊक होतं. पण हा नाद नवा नव्हताच, जुनं कसब होतं, तुमचं होतं. मी त्याला चहा करून दिला.

"उशीच्या कापसात काय लांबी पाहून राह्यले तुम्ही?" मी एकदा विचारलं. "गादीत जाते तो उरलासुरला कापूस."

"त्यातच तर पाहाची मजा," तुम्ही मान वर न करता म्हणालात. "शंभरात दोन तार लांब निंगते. ते दोन मले पाह्यजे."

मग दुसरी उशी गेली, मग लोड, मग पलंगावरची गादी. घरभर कापूस. आखूड वेगळा, किडकी डागी कवडी वेगळी, लांब वेगळा, वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधून भिंतीशी ओळीनं लावलेला. सकाळी चहानंतर तुम्ही बसायचात ते दिवेलागणीपर्यंत. जेवायला हाक मारली तर "हाव" म्हणायचात आणि हलायचात नाही. पाणी प्यायला विसरायचात. बोटांची टोकं सोलवटली. मी शेजारी बसून बोलायचे, आज भाजी काय केली, कोणाचा फोन आला. तुम्ही मान हलवायचात, ती माझ्यासाठी नसायची. एकदा मी काळ्या कापडाचं टोक धरून ओढलं, तर तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं पाहिलं असतं तर मी भांडले असते. पण तुम्ही अनोळखी बाईकडे पाहावं तसं पाहिलंत, आणि टोक माझ्या हातातून सोडवून घेतलंत.

त्याच आठवड्यात तुम्ही ती उशी माझ्यासमोर ठेवलीत. घरातल्या साऱ्या कापसातून वेचलेली ती लांब तार, सगळी तिच्यात भरली होती. खोळ तुम्हीच शिवली होती, वेडेवाकडे टाके घालून. "ही तुई," म्हणालात. "अशी उशी साऱ्या वर्ध्यात कोणाजवळ नसंल."

मी म्हटलं, "मले नको. माही मान दुखते असल्या उशीनं."

मी तिच्यावर डोकंसुद्धा टेकवून पाहिलं नव्हतं. मी ती उचलून दिवाणाच्या पोटात टाकली.

त्यानंतर कांताबाईंच्या गच्चीचा प्रकार झाला. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आंदणात द्यायची नवीकोरी गादी त्यांनी उन्हाला टाकली होती. आपल्या घरातला कापूस संपला होता. तुम्ही दोन गच्च्यांमधल्या भिंतीवरून तिकडे गेलात. ज्या माणसाला उंबरा ओलांडता येत नव्हता तो भिंत ओलांडून गेला. कांताबाई वर आल्या तेव्हा गादी अर्धी उघडी होती आणि तुम्ही तिच्यात बसला होतात. त्यांची किंकाळी मी स्वयंपाकघरात ऐकली. "भाऊजी, काय करून राह्यले हो हे!" तुम्ही त्यांना शांतपणे सांगितलंत, "गादीवाल्यानं फसवलं तुमाले. सगळी कवडी भरली."

नवी गादी भरून द्यावी लागली आणि कांताबाई पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तोवर मी दवाखान्यात जाऊन आले होते. एकटीच. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काकू, हे कधीपासून?" मी सांगितलं, सहा महिने. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही औषधं देणाऱ्या असून सहा महिने?" असं त्या म्हणाल्या नाहीत, पण मला ते ऐकू आलं. गोळी एकदम तोडायची नाही, पायरीपायरीनं कमी करायची, पहिलीची वेळ जुळवून घ्यायची, असं ठरलं. माझ्या हातानं मी गोळीचे आधी दोन तुकडे केले, मग चार.

बदलीवाला गेला. तुम्हाला घाम यायचा, जीव घाबरा व्हायचा, मग नुसतीच मरगळ. हळूहळू तीही ओसरेल म्हणाल्या होत्या, थोडी ओसरलीही. काळं कापड तुम्ही स्वतःच घडी घालून कपाटात ठेवलंत. माझे हात पुन्हा तुमच्या बटणांपाशी आले. अंगणात खुर्ची टाकून तुम्ही समोरच्या रस्त्याकडे बघत बसायचात, आणि एका संध्याकाळी तुम्ही ते विचारलंत.

"सुमन, तो मी होतो का गोळी होती?"

"गोळी," मी म्हटलं. खिडकीमागून पुडी सरकवावी तसं म्हटलं.

"मंग आता जो बसला आहे खुर्चीवर, तो कोण? बिमारी? का तू जे चारते ते?" तुमचा आवाज तेव्हा बारीक झाला होता, मला वाकून ऐकावं लागलं. "अन् मी कोणता याच्यातला?"

मी म्हटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला, काहीतरी विचारत बसता. तुम्ही हसला नाहीत. "एक सांग. बदलीवाल्यानं विणलेलं कापड दुकानात येगळं ठेवते का?"

"मले कामं आहेत," असं म्हणून मी उठले. दूध उतू जात नव्हतं. गॅसवर काहीच नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले.

तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. थंडीत तुम्हाला ठसका लागायला लागला, मग ताप, मग छातीत कफ, आणि पुढचं मी लिहिणार नाही. शेवटच्या आठवड्यात तुम्ही एकदाच म्हणालात, "ते उशी वापरते का?" मी म्हटलं, "हाव, रोज." तुम्ही डोळे मिटलेत. तुम्हाला खरं वाटलं की नाही, ते मला कळायला आता काही मार्ग नाही.

आता माझी पाळी. तुम्ही उठून जाऊ शकत नाही, मीही उठणार नाही.

डॉक्टरबाईंना मी जे सांगितलं त्यात एक शब्द खोटा नव्हता. सांगायलाच हवं होतं, सहा महिने आधी सांगायला हवं होतं, आणि उद्या पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा जाऊन सांगेन. तुमची बोटं रक्ताळत होती. पण दवाखान्यात जाताना ऑटोत बसून मी बोटांचा विचार करत नव्हते, गादीचाही नव्हते. तुम्ही सुखात होतात आणि त्या सुखात मी कुठेच नव्हते, याचा करत होते. आजारात तुम्हाला माझे हात लागत. बटणाला लागत, घासाला लागत, कुशीवर वळायला लागत. बदलीवाला आला आणि माझीच हजेरी लागेनाशी झाली. मला माझा आजारी माणूस परत हवा होता. तो मी मिळवला, आणि तोही हातचा गेला. हे मी तुमच्यापुढे कधी बोलले नाही. लाज वाटत होती, अजून वाटते.

परवा, तेरवीच्या दिवशी, पाहुण्यांना अंथरुणं कमी पडली म्हणून दिवाण उघडला. ती उशी वरच होती. पुतण्या घ्यायला पुढे झाला तर मी त्याच्या हातातून ओढून घेतली. सगळे बघत राहिले, म्हातारी बिघडली म्हणून.

मग मी तिचा एक टाका उसवला आणि चिमूटभर कापूस काढला. तुम्ही लग्नानंतर शिकवलं होतं तसं ओढून पाहिलं. एकही तंतू गळला नाही. सगळे सारख्या लांबीचे.

गोळीचं काम मला शिकवू नका, ते मला येतं. ती रिसेप्टरवर बसते. बोटं सोडवते, अजून एक, अजून एक म्हणत माणसाला बसवून ठेवते. सहा महिने कापूस निवडायला तिनं लावलं असेल, ते मी तिच्या नावावर लिहून देते. पण निवडलेला कापूस कुणाच्या उशीत भरायचा, हे तिला कसं कळेल? गोळीला रिसेप्टर ओळखता येतो, सुमन ओळखता येत नाही. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात, तेव्हा माझ्यासाठीच खाली बघत होतात, आणि मी मान दुखते म्हटलं.

तर ऐका. दुकानात वेगळं ठेवत नाहीत. तुम्हीच होतात.

टाका पुन्हा घातला आहे, तुमच्यापेक्षा सरळ. काल पाहुणे गेल्यावर पलंगाच्या तुमच्या बाजूला झोपले, तीच उशी घेऊन. आज उठले, पाण्याचा पेला भरला, गोळी काढली, पुढचं वर सांगितलंच आहे. एक सांगायचं राहिलं. मान दुखली नाही.